खिडकी कशासाठी उघडता?

“बाबांना ऐंशीव्या वर्षी युद्ध आठवू लागले आहे, त्यांना बोलू द्यावे, की विषय बदलावा?” अमेरिकेत वृद्धांचे समुपदेशन करताना माजी सैनिकांच्या मुलांनी हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला, की एका आजोबांची हकिगत, त्यांची ओळख पुसून, येथे सांगते.

आजोबा बी-२९ या बॉम्बफेकी विमानात टेल गनर, म्हणजे शेपटाच्या टोकाशी मागे तोंड करून बसणारे बंदूकधारी होते. प्रशांत महासागरातील टिनियन बेटावरून जपानला जाऊन परतायला १४-१५ तास लागत. ९-१० मार्च १९४५ च्या ज्या रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली, त्या रात्रीच्या आगलाव्या बॉम्बच्या हल्ल्यात तेही होते. पत्नी गेल्यापासून ते पहाटे तीनला उठून, बाहेर बर्फ पडत असला तरी, घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडत.

विचार बदलला की भावना बदलते, या धारणेवर माझे काम उभे आहे. म्हणून पहिल्या तीन भेटींत ‘हुकूम तुमचा नव्हता’ हे मी त्यांना पटवू पाहत होते. ते मान डोलवत आणि गप्प होत. चौथ्या भेटीत मी फक्त विचारले, “खिडकी कशासाठी उघडता?”

“वास जावा म्हणून.”

“कसला?”

बराच वेळ त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरत राहिला. “आम्ही त्या रात्री फार खालून गेलो होतो. माणसे जळल्याचा वास विमानात शिरला. बाकीचे पुढे बघत होते, माझे तोंड मागे. दीडशे मैल दूर आलो तरी आग दिसत होती. उतरल्यावर व्हिस्की दिली आणि विचारले, आग कुठवर पसरली, विमानविरोधी मारा किती होता. वासाचे कोणीच विचारले नाही.”

त्या क्षणी मला माझी चूक उमगली, आणि ती उमगली याचे आजही समाधान वाटते. पत्नीने, मित्रांनी आणि मीही त्यांना दोषमुक्त करण्याची घाई केली होती. पण जे अजून सांगूनच झाले नव्हते, त्याची क्षमा त्यांच्या काय कामाची?

म्हणून मुलांना माझे सांगणे असे, की विषय बदलू नका, पण उकरूनही काढू नका. ‘युद्धच होते ते’ हे वाक्य निदान काही महिने गिळून टाका. ‘भीती वाटली का’ यापेक्षा ‘कुठे बसला होतात, समोर काय दिसत होते’ असे विचारा, आणि शक्यतो दिवसाउजेडी विचारा. जगणे नकोसे झाल्याची भाषा मात्र कानावर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आजोबांच्या खिडक्या पुढेही काही पहाटे उघडत राहिल्या. मुलगी आता त्या लावायला धावत नसे. वडिलांच्या खांद्यावर स्वेटर घालून शेजारी खुर्ची ओढून बसे.