माडाची जखम आणि सोंड्या भुंगा

‘काल हिरवागार होता, आज शेंडाच कोसळला.’ नारळाबद्दल हेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, म्हणून यावेळी माडाचा गाभा आतून पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याचेच प्रश्न घेतो.

प्रश्न : शेणखतात जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. सोंड्याच्या का?
उत्तर : पाय आहेत? मग नाहीत. बहुधा गेंड्या भुंग्याच्या. सोंड्याची अळी बिनपायाची, आणि ती माडाच्या आत वाढते.

प्रश्न : हा भुंगा आंब्यालाही लागतो का?
उत्तर : नाही. नारळ, खजूर, शिंदी, भेरली माड ही त्याची झाडं. आंब्याचा खोडकिडा वेगळा.

प्रश्न : चढायला सोपं म्हणून खोडाला खाचा पाडल्या, हिरव्या झावळ्याही खोडालगत तोडल्या. बाग स्वच्छ दिसते. चालेल ना?
उत्तर : स्वच्छ दिसते, पण भुंग्याला आमंत्रण आहे. आंब्याची साल खरवडली तर जखम कडेने भरून येते. माडाच्या खोडात तो भरून काढणारा थरच नसतो. आज पाडलेली खाच जन्मभर खाचच राहते. ताज्या जखमेच्या वासाने मादी येते, मऊ भागात अंडी घालते. एक मादी दोनशेहून जास्त घालू शकते. तीन-चार दिवसांत अळ्या निघतात आणि एक ते तीन महिने आतला गाभा खातात. बाहेरून काही कळत नाही. माडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेलं. गेंड्याने शेंड्यात केलेली भोकंही सोंड्याला आयती वाट देतात, म्हणून त्याचाही बंदोबस्त हवा. हिरवी झावळी तोडावीच लागली तर हातभराहून जास्त, साधारण मीटरभर देठ ठेवा. झालेल्या जखमा डांबराने बुजवा. पाच ते वीस वर्षांच्या झाडांना विशेष जपा.

प्रश्न : भोकातून तपकिरी रस आणि चावलेला भुसा येतो. शेजारी म्हणतात रॉकेल ओता. एक विक्रेता एका इंजेक्शनात खात्री देतो.
उत्तर : रॉकेल नको. अळी खोलवर असते, तिथवर ते पोचेलच असं नाही. झाडाला मात्र इजा होते. आणि आत किती पोखरलंय हे न बघता ‘खात्री’ देणारा औषध नव्हे, बाटली विकतो. खोडाला कान लावा, कुरतडल्याचा आवाज येतो का पाहा, आणि आजच कृषी कीटकतज्ज्ञाला बोलवा. औषध, मात्रा आणि किती दिवस नारळ उतरवायचे नाहीत, हे तोच सांगेल. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रश्न : भुंग्यांना वासाने ओढून पकडणारा गंध सापळा कोवळ्या माडाला बांधू?
उत्तर : नको, भुंगे तिथेच गोळा होतील. लांब लावा. आमिष वेळेवर बदलणार नसाल तर लावूच नका. जागा तज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

प्रश्न : मेलेला माड सावकाश तोडला तर?
उत्तर : तोवर आतले भुंगे उडून जातील. लगेच तोडा, फोडा, जाळा.