आडनाव लावत नाही, म्हणजे मला माझ्या समाजाची लाज वाटते का?

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेली बौद्ध कुटुंबांतली मुलंमुली हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मूळचा मराठवाड्यातला, हिंजवडीत आयटीत. इन्स्टाग्रामवर नुसतं नाव. बहिणीच्या लग्नाचा फोटो त्याने मला मोबाईलवर दाखवला. पांढऱ्या साडीतली बहीण, शेजारी भाऊजी, आणि दोघांच्या डोक्याला लागून कापलेली चौकट. मूळ फोटोत मागे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. फोटो कापून सुटका झाली नाहीच. चुलतभावाने दुसऱ्या एखाद्या फोटोत टॅग तर केलं नाही ना, हे तो रोज रात्री बघत बसायचा. १४ एप्रिलला घरच्यांच्या पोस्टला साधा लाइक द्यायचीही धास्ती. टीमच्या ग्रुपवर आरक्षणावरचे विनोद फिरत होते, आणि खोली बघायला गेल्यावर घरमालकाने भाड्याआधी आडनाव विचारलं होतं.

मी विचारलं, "ऑफिसमधलं कुणीच बघणार नसतं, तर फोटो अख्खा टाकला असतास?" "हो, लगेच!" म्हणाला. म्हणजे लाज नव्हती, भीती होती, आणि त्या भीतीला कारण होतं.

ज्यांच्यावरचा शिक्का वरून दिसत नाही, त्यांना कुणाला काय कळू द्यायचं हे सतत सांभाळावं लागतं, असं समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्येच मांडलं. सोशल मीडियावर तर मावशी, मॅनेजर आणि कॉलेजचे मित्र एकच फोटो बघतात. माणूस थकतो तो या पहाऱ्याने. आडनावावरून ज्याला कधी खोली नाकारली गेली नाही, त्याने अशा मुलाला 'बिनधास्त सांगून टाक' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कुणाला सांगायचं आणि कधी, हे त्याचं त्याने ठरवायचं.

आम्ही आधी सेटिंग बदललं: त्याने होकार दिल्याशिवाय टॅग केलेला फोटो त्याच्या प्रोफाइलवर दिसणार नाही. मग 'क्लोज फ्रेंड्स'मध्ये, म्हणजे आपण निवडलेल्यांनाच पोस्ट दिसते त्या यादीत, भावंडं आणि वसतिगृहातले मित्र घेतले. न कापलेला फोटो तिथे गेला. आईलाही त्याने तो आपणहून पाठवला. जातिवाचक काही आलं तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवायचा, हेही ठरलं. १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, पण तक्रारीला पुरावा हाताशी हवा.

लिंक्डइनला हात लावला नाही. टीममधल्या एका मैत्रिणीला यादीत घ्यावं का, यावर पुढच्या भेटीत बोलू. रात्रीची टॅग-तपासणी मात्र थांबली आहे.