थाळी हातात घेण्याआधी

लेकरा, परभणीला भेटलास तेव्हा थाळीफेकीची थाळी मुठीत आवळून धरली होतीस. थाळी आवळायची नसते. बोटांच्या शेवटच्या पेरांवर तिची कड टेकवायची, तळवा सैल, अंगठा नुसता वरून. सुटताना ती तर्जनीवरून निघाली की स्वतःभोवती फिरत, वारा कापत जाते. करंगळीकडून सुटली तर डुगडुगते आणि पडते.

आणि जोर हाताचा नव्हे, पायांचा. आधी पाय, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. मला हे उमगायला तीन वर्षं गेली. पलटणीतले उस्ताद रोज तासभर थाळीशिवाय नुसत्या गिरक्या घ्यायला लावायचे. तेव्हा राग यायचा, पण तीच माझी खरी कमाई.

आपल्या काळ्या मातीत पाय रुततो. अडीच मीटर व्यासाचा सिमेंटचा ओटा गावात करून घे. जमत नसेल तर शाळेच्या फरशीवर फक्कीने वर्तुळ आख.

पुरुषांची थाळी दोन किलोची, पण तू अठराच्या आतला. दीड किलोनेच सराव कर, खांदा जप.

फौजेत जायचंय ना? मग भरतीचं १६०० मीटर धावणं विसरू नकोस. वजनाच्या नादात आपली बरीच पोरं तिथंच मागं राहतात. प्रवीण कुमार सोबती सीमा सुरक्षा दलात होते, १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धेत थाळीफेकीचं सुवर्ण त्यांचंच. नोकरी आणि मैदान दोन्ही जमतं.

भाकरी-पिठलं सोडू नकोस, दूध-अंडी वाढव. पुढच्या रविवारी ये, पायताण बघून देतो.