सुटे भाग पावसाळ्यात कसे जपावे?

प्रश्न : म्हापशात जुन्या बुलेट-येझदीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पावसाळ्यात पिस्टन रिंगांना खोक्यातच गंज चढतो. काय करावं? – एक वाचक

उत्तर : खोकंच आधी बदला. पुठ्ठा ओल धरतो आणि ती भागाला चिकटून राहते. हाताच्या घामातलं मीठही गंज धरवतं, बोटांचे ठसे तसेच उमटतात. रिंगा, बेअरिंगं केरोसीनने धुवा, पूर्ण कोरडी करा, पातळ तेलात बुडवून निथळू द्या आणि गंजरोधक कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवा. डब्यात निळी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) टाका; गुलाबी झाली की १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. रॅक भिंतीपासून वीतभर लांब हवा.

रबरी ऑइल सीलना मात्र तेल लावू नका, खिळ्याला टांगूही नका, आकार बिघडतो. उन्हापासून दूर, सपाट ठेवा.

पिस्टनवर माप ठळक लिहा. लोखंडी इंजिनाच्या बुलेट ३५०चा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिमी; ०.५ ओव्हरसाइझ (झिजलेल्या सिलिंडरसाठीचं वाढीव माप) म्हणजे ७०.५. गिऱ्हाइकाला पिस्टन आधी द्या, बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) नंतर: कारागीर हातातला पिस्टन मोजूनच सिलिंडर कापतो. उलट केलं तर पिस्टन जाम तरी होतो, नाहीतर खडखडतो.