नौदलाची जुनी एमएफव्ही बोट पुढे कुठे गेली, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की स्कॉटलंडमधल्या मरे फर्थच्या काठी राहायला आल्यापासून घरामागच्या खाडीत एक लाकडी बोट कुशीवर पडलेली रोज दिसते. शेजारचे आजोबा सांगतात की ती दुसऱ्या महायुद्धातली 'नेव्हीची एमएफव्ही', म्हणजे नौदलाची मोटरवाली मच्छीमार बोट. नाव पुसलंय, कागद नाहीत, आणि तिचा इतिहास शोधायला सुरुवात कुठून करायची हे कळत नाही.

सुरुवात तुळईपासून, म्हणजे डेकखालच्या आडव्या जाड लाकडापासून करा. ग्रंथालय, इंटरनेट, गावकऱ्यांच्या आठवणी हे सगळं नंतर. मी ॲबरडीनशायरमध्ये अठरा वर्षं आहे, त्यातली दहा-बारा वर्षं सुट्टीचे दिवस याच बोटींमागे गेले. माझे वडील हर्णैला तांडेल होते, त्यामुळे लाकडी बोट चिखलात मरताना बघवत नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की यातल्या बऱ्याच बोटींची ओळख लाकडातच कोरलेली असते, आणि लाकूड दर हिवाळ्यात थोडं थोडं जातं. कागद कपाटात थांबतात, तुळई थांबत नाही.

ब्रिटनमध्ये १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टप्रमाणे जहाजाची नागरी नोंदणी झाली की त्याला एक ऑफिशियल नंबर मिळायचा आणि तो नंबर, निव्वळ टनेजसह, मुख्य तुळईवर कोरावा लागायचा. ही तुळई बहुतेकदा मुख्य हॅचच्या, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या तोंडाच्या, कडेला नाहीतर इंजिनखोलीत सापडते. मालक बदलला, बंदर बदललं, नाव बदललं तरी हा नंबर बदलत नाही. युद्धानंतरच्या बोटींना तो सहा आकडी असतो. मुळात नोंदणी झालेली असेल तर, हे मात्र लक्षात ठेवा. अगदी लहान बोटी कधीकधी फक्त मासेमारीच्या रजिस्टरात असत.

ओहोटीला जा, एकटे जाऊ नका, आणि जमीन कुणाची, बोट कुणाची हे आधी विचारा. तिथून काहीही उचलून आणू नका. सोबत टॉर्च, मऊ ब्रश आणि खडू घ्या. टॉर्च समोरून मारला तर काहीच दिसत नाही. तो तुळईला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा, म्हणजे कोरलेल्या खाचांत सावली पडते. वर पन्नास वर्षांचा रंग असेल, तो खरवडू नका, लाकडासकट निघतो. खडूची बाजू हलक्या हातानं फिरवा. रंग असला तरी सपाट भाग पांढरा होतो आणि आकडे काळे उरतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तुळईचं एक टोक कुजून भुसा झालं होतं. सहापैकी चार आकडे स्वच्छ आले, पाचव्याचा फक्त वरचा बाक दिसला, तो शून्य असू शकत होता, आठ असू शकत होता किंवा नऊ. शेवटचा गेलाच होता. तरीही तीस शक्यता म्हणजे एका संध्याकाळचं काम.

कारण हे नंबर कुठल्या जहाजाला दिले गेले त्याची जुनी सरकारी वह्या-पुस्तकं क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टनं स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. नंबर टाकला की नोंदणीचं बंदर, वर्ष आणि त्या वेळचं नाव मिळतं. मग लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये 'बीटी ११०' या मालिकेत बंद झालेल्या नोंदण्यांच्या नकला आहेत. त्यात बांधणीचं ठिकाण, मापं, इंजिन, मालकीच्या चौसष्ट हिश्श्यांपैकी कुणाकडे किती, कर्ज कुणाचं, आणि शेवटी नोंदणी का बंद झाली हे येतं. मोडीत काढली, बुडाली, परदेशी विकली, असं एका ओळीत लिहिलेलं असतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका ओळीत आहे.

आता 'नेव्हीची एमएफव्ही' या शब्दांबद्दल, कारण इथेच लोक वर्षानुवर्षं चुकीच्या वाटेला लागतात. एमएफव्ही म्हणजे मोटर फिशिंग व्हेसल, आणि ब्रिटनमध्ये कुठल्याही मोटरवाल्या मच्छीमार बोटीच्या नावाआधी ही अक्षरं सर्रास लावतात. आजोबा खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्या तोंडच्या 'एमएफव्ही'वरून ती नौदलाची ठरत नाही. त्यात युद्धाच्या सुरुवातीला नौदलानं मच्छीमारांच्या चालू बोटीही ताब्यात घेतल्या होत्या आणि नंतर परत केल्या. त्या बोटी नौदलात 'होत्या', पण नौदलाच्या नव्हत्या. तिसरा प्रकार म्हणजे खुद्द ॲडमिरल्टीनं, म्हणजे नौदलाचा कारभार पाहणाऱ्या खात्यानं, बांधून घेतलेल्या बोटी, आणि तुमच्या मनात आहेत त्या याच.

त्यांची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. बंदरात माणसं, दारूगोळा, सामान ने-आण करायला बोटी हव्याच होत्या. मग त्या अशा बांधा की युद्ध संपल्यावर मच्छीमाराला तशाच विकता येतील. त्यामुळे आराखड्यातच माशांच्या खणाची जागा धरलेली होती. मुख्य मापं चार. साडेएकसष्ट फुटी बोटींचे क्रमांक १ पासून सुरू होतात, पंचेचाळीस फुटींचे ६०१ पासून, पंच्याहत्तर फुटींचे १००१ पासून आणि नव्वद फुटींचे १५०१ पासून. म्हणून टेप घेऊन जाच. साधारण पंचेचाळीस किंवा एकसष्ट-बासष्ट फूट भरली तर आजोबांच्या म्हणण्यात दम आहे. मात्र रजिस्टरातली लांबी या आकड्यांपेक्षा कमी दिसेल, ती टोकापासून टोकापर्यंत मोजत नाहीत. एका चांगल्या अभ्यासकानं तेवढ्यावरून खरी बोट नाकारलेली मी पाहिली आहे.

इंजिनावर फार विसंबू नका. साडेएकसष्ट फुटी बोटींपैकी अनेकांत ग्लासगोच्या बर्गियस कंपनीचं केल्विन, चार सिलिंडरचं, ८८ अश्वशक्तीचं असायचं. ते पेट्रोलवर सुरू करून मग डिझेलवर घ्यायचं. एका निवृत्त मच्छीमारानं मला हातवारे करून ते दाखवलं होतं, आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात आपोआप लिव्हर ओढल्यासारखा मागे गेला. बोट विकून त्याला तीस वर्षं झाली होती. पण पुढे गार्डनर किंवा दुसरं काही बसवणं नेहमीचं होतं, त्यामुळे इंजिन जुळलं नाही म्हणून बोट तुमची नाही असं होत नाही. तसंच पितळी सामानावर नौदलाचा बाणाचा शिक्का दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. युद्धानंतर असं सामान ढिगानं विकलं गेलं आणि कुठल्याही बोटीवर जाऊन बसलं.

सगळ्यात मोठा सापळा नावाचा. आपल्याकडे एका घराची 'एकवीरा प्रसाद' मोडली की पुढची बोटही 'एकवीरा प्रसाद'च होते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अगदी तेच आहे. घराण्याचं नाव पुढच्या बोटीला जातं, कधीकधी मासेमारीचा नंबरही जातो. बीएफ म्हणजे बॅन्फ, बीसीके म्हणजे बकी, एलके म्हणजे लर्विक, ही बंदरांची अक्षरं आणि पुढचा आकडा पुन्हा पुन्हा वापरात येतो. मी एका बोटीमागे पूर्ण वर्ष घालवलं. फोटो जमवले, दोन कुटुंबांना पत्रं लिहिली, त्यांच्याकडून आठवणी मागवल्या. नाव तेच, नंबर तोच, गाव तेच. शेवटी एका फोटोत व्हीलहाऊसच्या, म्हणजे सुकाणूच्या खोलीच्या, खिडक्या मोजल्या आणि कळलं की ही पुढची बोट आहे, १९५० नंतर बांधलेली, नौदलाशी काही संबंध नसलेली. त्या कुटुंबांना मला पुन्हा लिहावं लागलं. तेव्हापासून तुळईचा नंबर किंवा नोंदणीचा कागद हाती आल्याशिवाय मी कुणालाही 'ही तुमच्या वडिलांची बोट' असं सांगत नाही. एखाद्या सत्तर वर्षांच्या मुलीला आपण असं सांगतो तेव्हा ती ते आयुष्यभर धरून ठेवते.

नौदलाचा क्रमांक आणि नागरी ओळख यांची सांगड घालणं हे सगळ्यात कठीण. विक्री झाली की 'एमएफव्ही अमुक' हा क्रमांक संपतो आणि नवं नाव लागतं. बऱ्याचदा नोंदणीच्या कागदावरच 'आधीची एमएफव्ही' असा क्रमांकासह उल्लेख असतो, तिथे प्रश्न सुटला. नसेल तर दोन्ही बाजूंनी यावं लागतं. एकीकडे बांधणारं यार्ड आणि वर्ष. सँडहेवनला फोर्ब्स, अँस्ट्रदर आणि सेंट मोनन्सला रीकी अशा यार्डांनी या बोटी बांधल्या, आणि एका यार्डानं एका वर्षात उतरवलेल्या बोटी मोजक्याच असतात. दुसरीकडे क्यूमधल्या 'एडीएम २०८' मालिकेतल्या नौदलाच्या 'रेड लिस्ट', म्हणजे मायदेशच्या पाण्यातल्या लहान युद्धनौकांच्या याद्या. त्यांतून कुठली बोट कुठल्या बंदरात होती ते कळतं.

मासेमारीच्या वर्षांसाठी 'ओल्सेन्स फिशरमन्स नॉटिकल अल्मनॅक' बघा. दरवर्षी निघतं, बंदरवार बोटींची यादी असते. एकेक वर्ष मागे जात राहा. बोट ज्या वर्षी यादीतून गायब होते, त्याच्या आसपासचे 'फिशिंग न्यूज'चे अंक आणि गावचं साप्ताहिक चाळा. १९४५ च्या इनशोर फिशिंग इंडस्ट्री ॲक्टनं मच्छीमारांना अनुदान आणि कर्ज मिळायला लागलं, म्हणून पहिल्या विक्रीची वर्षं युद्धानंतर लगेचची असतात. पण सगळ्या तेव्हा विकल्या नाहीत. काही नौदलाकडेच राहिल्या, आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या रॉयल नेव्हल ऑक्झिलरी सर्व्हिसचे स्वयंसेवकही पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर शिकले. तुमची बोट १९४६-४७ च्या याद्यांत नसेल तर निराश होऊ नका, दोन-तीन दशकं पुढे जाऊन बघा.

आणि शेवटच्या टप्प्याबद्दल. १९९३ पासून ब्रिटननं मच्छीमार ताफा कमी करायला परवाना सोडणाऱ्यांना पैसे दिले, पण बोट नष्ट करण्याची अट घातली. धडधाकट लाकडी बोटी किनाऱ्यावर ओढून खोदयंत्रानं फोडल्या. ओकच्या फासळ्या, लार्चच्या फळ्या, सगळं एका दुपारीत. मी तेव्हा इथे नव्हतो, पण ज्यांनी ते पाहिलं ते आजही त्याबद्दल बोलताना मध्येच थांबतात. असलेलं वाचवता आलं असतं असं माझं ठाम मत आहे. परवाना काढून घ्यायचा होता, बोट राहू द्यायची होती. तुमची बोट गाळात का होईना पडून आहे, याचा अर्थ बहुधा ती त्याआधीच मासेमारीतून बाहेर पडली असावी. कुणीतरी राहायला, नाहीतर डायव्हिंग करणाऱ्यांना न्यायला घेतली असेल. अशा वेळी लॉइड्सचं यॉट रजिस्टरही बघा, ते १९८० पर्यंत निघत होतं.

आजोबांशी बोलताना 'ही नेव्हीची होती का?' असं विचारू नका, ते हो म्हणतील. 'हिच्यावर कोण कोण जायचं? मासळी कुठे उतरवायचे? रंग कुठला होता?' असं विचारा. माझ्या त्या चार आकडी तुळईचं पुढे असंच झालं. तीस शक्यतांपैकी बंदर आणि मापं जुळणाऱ्या दोनच उरल्या, आणि एका बाईंनी सांगितलं की तिच्या वडिलांच्या बोटीला गडद हिरवी पट्टी होती. खाडीतल्या फळीवर वरच्या काळ्या रंगाखाली हिरवा होता. क्यूमधून आलेल्या नकलेत चौसष्टपैकी बावीस हिश्शांसमोर तिच्या वडिलांचं नाव होतं, आणि वर, पहिल्याच पानावर, नौदलाचा क्रमांक.

येत्या मोठ्या ओहोटीला तुळईचे फोटो काढा, आडव्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून. खाली प्रतिक्रियेत टाका. आकडे अर्धवट असले तरी चालतील, मी बघतो.