दिवाळीचा बोनस कर्जात भरू, की कुत्रीसाठी राखून ठेवू?

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. टू-बीएचके फ्लॅट, मिस्टर अंबडच्या कारखान्यात शिफ्टला, त्या स्वतः शिक्षिका. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, सासूबाई घरीच असतात. एका प्राणिसंस्थेने रस्त्यावरून उचलून आणलेली दहा महिन्यांची एक गावठी कुत्री मुलांना आवडली आहे. ताई विचारतात, "दिवाळीचे ६०,००० गृहकर्जात भरायचं ठरलंय. कुत्री फुकट मिळतेय, महिन्याला दीड हजारात भागेल. मग बोनसला हात लावायची गरज आहे का?"

ताई, लावावा लागेल. आणि दीड हजारात भागणार नाही.

आधी जेवण. ही कुत्री मोठी झाल्यावर १५ किलोच्या आसपास जाईल. एवढ्या वजनाला दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी लागतात, म्हणजे कोरडं खाद्य २४० ग्रॅम, महिन्याला सात किलोच्या थोडं वर. मध्यम प्रतीचं खाद्य ३०० रुपये किलो धरलं तर २,२०० झाले. घरी भात, चिकन, अंडं शिजवून काही पैसे वाचतील, पण त्यात कॅल्शियम कमी पडतं, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्यावं लागतं. दूध-पोळीवर कुत्रं पोसायची आपल्याकडची रीत स्वस्त दिसते. प्रथिनं कमी पडतात, दुधाने अनेकांना जुलाब होतात आणि वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात. रेबीजची आणि एकत्रित लस, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचिडांची गोळी, हे सगळं बारा महिन्यांत वाटलं तर महिना ८०० धरा. मे महिन्यात गावी जाताना तिला दहा दिवस बोर्डिंगला ठेवलं, तर रोजचे ६०० प्रमाणे वर्षाला ६,०००. हिशेब ३,५०० वर जातो. किरकोळ धरून मी ४,००० लिहीन. हे माझे अंदाज आहेत, तुमच्या भागातल्या पशुवैद्याकडून दर विचारून दुरुस्त करा.

तुमच्या हातात येतात ८२,०००. हप्ता १९,१००, घरखर्च २७,०००, शाळा-क्लास ९,५००, सासूबाईंची औषधं २,५००, विमा ३,२००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) ७,०००, पेट्रोल-मोबाईल ६,०००. उरतात ७,७००. म्हणजे ४,००० जमतात, ओढून-ताणून नाही. एसआयपी थांबवू नका, त्याची गरजच नाही.

अडचण दुसरीकडे आहे. तुमची आपत्कालीन रक्कम १,१०,००० आहे आणि एसआयपी सोडून महिन्याचा खर्च ६७,३००. पावणेदोन महिनेही पुरणार नाही एवढी ती तुटपुंजी. त्यातूनच कुत्रीचं आजारपण भागवायचं, असं गृहीत धरलंय तुम्ही. कुत्र्याचा मोठा खर्च सांगून येत नाही. रात्री अकराला उलट्या सुरू होतात, सकाळपर्यंत सलाईन, रक्ततपासणी, सोनोग्राफी. त्या वेळी खिशात पैसे नसले की लोक क्रेडिट कार्ड काढतात आणि थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज भरत बसतात.

म्हणून बोनस फोडा. ३५,००० वेगळ्या बचत खात्यात, २५,००० कर्जात. किंमत काय पडते तेही सांगतो. १८ लाख शिल्लक, साडेआठ टक्के, तेरा वर्षं बाकी. पूर्ण ६०,००० भरले तर शेवटचे नऊ हप्ते कमी होतात, २५,००० भरले तर चार. म्हणजे या कुत्रीपायी पाच हप्ते जास्त. मला हा सौदा मान्य आहे; घरात सगळ्यांना मान्य आहे का, ते विचारा.

त्या ३५,००० मधले १५-१८ हजार पहिल्या दोन महिन्यांतच जातील. तपासणी आणि रक्ताचा रिपोर्ट, लसीचे डोस, हार्नेस, पट्टा, भांडी, गॅलरीची जाळी. नसबंदी झाली आहे का, ते आणण्याआधी विचारा. महापालिकेच्या मोहिमेत नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, पण संस्थेने केली असेल तर कागद मागा. झाली नसेल तर ती आधी करून घ्या, पाच-सात हजार लागले तरी. नसबंदी न झालेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. तेव्हाचं तातडीचं ऑपरेशन या रकमेच्या कितीतरी पट पडतं, आणि जिवावरचं असतं. मागच्या भागाकडे गाठ किंवा रक्ताचे थेंब दिसत असतील तर तेही विचारा. रस्त्यावरच्या कुत्र्यांत संसर्गाने पसरणारी गाठ आढळते. आठवड्याला एक इंजेक्शन, अशा चार-सहा फेऱ्यांत ती बहुतेकदा बरी होते, पण तो खर्च कोणाच्या माथी, हे आधी ठरवलेलं बरं.

पावसाळ्यानंतर गोचीडताप धरूनच चला. कुत्रीला औषध दिलं आणि घरातल्या फटी, दाराच्या चौकटी, तिचं अंथरूण तसंच राहिलं, तर गोचिडांची अंडी तिथे टिकतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. औषधाचे पैसे दुप्पट.

नाशिककर म्हणून एक जास्तीची सूचना. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, कांदा रक्तपेशी फोडतो. आपल्या जिल्ह्याची शान असलेली ही दोन्ही पिकं तिच्यापासून दूर ठेवायची! लाडवातला बेदाणा सहा वर्षांचा मुलगा प्रेमाने भरवणारच, त्याला आधी समजवा.

पाळीव प्राण्यांचा विमा पहिल्या वर्षी मी घेणार नाही. आधीपासूनची दुखणी त्यात सहसा वगळतात, सुरुवातीला प्रतीक्षाकाळ असतो आणि लसी धरत नाहीत. त्याऐवजी सासूबाईंची आरोग्य पॉलिसी उघडून बघा. दहा महिन्यांची कुत्री पट्ट्याला हिसका देते. गुडघे दुखणाऱ्या बाईच्या हातात तो पट्टा देणं हीच या सगळ्यातली सर्वांत महाग चूक ठरू शकते. दुपारी सोबतीला त्या असतील, फिरवायला नकोत.

महापालिकेचा परवाना काढून ठेवा. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पण जिन्यातली घाण उचलायची जबाबदारी तुमचीच. २०२७च्या सिंहस्थात नातेवाईक स्नानाला उतरतील, तेव्हा तिला दार लावून शांत ठेवता येईल अशी एक खोली लागेल. दोन बेडरूमच्या घरात ती कोणती, ते आत्ताच बघा.

दिवाळीत मात्र आणू नका. फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत थांबत नाहीत, आणि नवीन घरात बिथरलेली कुत्री दार उघडं दिसलं की पळते. तोपर्यंतचा वेळ वापरा. या महिन्यातच ४,००० बाजूला काढा आणि ते नाहीतच असं समजून घर चालवा. उद्यापासून रोज पहाटे पावणेसहाला तुमच्यापैकी एकाने अर्धा तास रिकाम्या हाताने चालून यायचं, संध्याकाळी पुन्हा. मिस्टरांची नाईट शिफ्ट असेल त्या आठवड्यातही. तीन आठवड्यांत चारपेक्षा जास्त फेऱ्या चुकल्या, तर संस्थेला नाही म्हणा आणि साठही हजार कर्जात भरा.