मुलांना खासगी शिकवणी लावल्याने नेमका काय फायदा होतो?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे, शाळा चांगली आहे, तरी गणितात मागे पडतेय; मग तेच धडे शिकवणीत पुन्हा शिकून वेगळं काय होणार? मी बरीच वर्षं शाळेतल्या मुलांना एकेकटं बसवून गणित शिकवते आहे. माझ्या मते फायदा होतो, पण तो जास्तीच्या तासाचा नसतो. त्या तासात कुणीतरी फक्त तिच्याच वहीकडे बघत असतं, त्याचा असतो.

52 वजा 38 हे गणित घ्या. बरीच मुलं उत्तर 26 लिहितात. बघणाऱ्याला वाटतं, लक्ष नव्हतं. पण लक्ष असतं. एककात 2 आणि 8 दिसले की मूल मोठ्यातून लहान वजा करतं आणि 6 लिहितं, दशकात 5 मधून 3 काढून 2 लिहितं. त्याच्याकडे पक्का नियम आहे, फक्त तो चुकीचा आहे. आणि बिनहातच्याच्या वजाबाकीत हाच नियम बरोबर उत्तर देतो, त्यामुळे आपलं काही चुकतंय हे मुलाला कळतच नाही. वर्गभराच्या वह्या तपासणारे शिक्षक फुली मारून पुढे जातात. त्यांना दोष देता येत नाही, तेवढा वेळच नसतो. मग घरी तसलीच आणखी गणितं सोडवून घेतली जातात आणि चुकीच्या नियमाचाच सराव होतो.

वरच्या इयत्तांतही हेच चालतं. 0.45 हे 0.6 पेक्षा मोठं वाटतं, कारण 45 हे 6 पेक्षा मोठे. 1/2 अधिक 1/3 चं उत्तर 2/5 येतं, कारण अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. समोर एकच मूल असेल तर मला विचारता येतं, "हे तू कसं केलंस, मला सांग बरं." ते सांगायला लागलं की गाठ कुठे बसली आहे ते दिसतं. कितीदा तरी अडचण या वर्षीच्या धड्यात नसतेच, ती दोन इयत्ता मागे राहून गेलेली असते. सातवी-आठवीत बीजगणिताला घाबरणारी मुलं बहुतेक वेळा अपूर्णांकांत अडकलेली असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. वर्ग मागे जाऊ शकत नाही, त्याला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. शिकवणी मागे जाऊ शकते.

दुसरी गोष्ट, वाट बघणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतल्या तासांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तोच वेळ 3 सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक यायला लागली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. शिकवणीत तर पूर्ण मिनिटभर थांबता येतं. शेजारी कुणी हात वर करून घाई करत नसतं, चुकलं तर हसायलाही कुणी नसतं. बुजऱ्या मुलांसाठी मला हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. शिकवणीत प्रश्न विचारायची सवय लागली की ती हळूहळू वर्गातही विचारतात.

आकड्यांबद्दल सांगायचं तर, बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1984 साली मांडलं होतं की एकेकट्या शिकवणीतलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे जातं. हा दावा अजूनही जाहिरातींत फिरतो, त्यावर विसंबू नका. 2020 मध्ये 96 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात निघालेला सरासरी परिणाम बराच लहान आहे: 100 मुलांत बरोबर मधे असलेलं मूल आणखी साधारण 14 जणांना मागे टाकेल इतका. पण हाही शिक्षणातल्या इतर उपायांच्या मानाने मोठाच आहे. त्याच आढाव्यात शिक्षकांनी किंवा तयारी करून घेतलेल्या लोकांनी शिकवलं तेव्हा पालकांपेक्षा आणि स्वयंसेवकांपेक्षा जास्त फरक पडलेला दिसतो. मला यात नवल वाटत नाही. पालकांना विषय येतो, पण आपल्याच मुलाची तीच चूक तिसऱ्यांदा पाहताना आवाज चढतो, आणि मग गणित बाजूलाच राहतं.

फी परवडत नसेल तर वरच्या वर्गातलं एखादं समजूतदार मूल मिळतंय का बघा. अशा शिकवणीत शिकवणाऱ्या मुलाचाही विषय पक्का होतो, हे अभ्यासांत दिसलंय.

मात्र शिकवणीच्या नावाखाली मोठा वर्ग भरत असेल, शाळेच्या पुढचे धडे उरकले जात असतील किंवा गृहपाठ सर-मॅडमच करून देत असतील, तर वर सांगितलेलं काहीही घडणार नाही. मुलीची खेळायची आणि झोपायची वेळ मात्र जाईल.

लावलीत तर महिनाभराने शिकवणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: "ती नेमकी कुठे चुकते?" "सराव कमी पडतो" असं उत्तर आलं तर दुसरं कुणी शोधा. "छेद वेगळे असले की गोंधळते, समान असले की जमतं" असं काही सांगितलं तर निर्धास्त राहा. आणि मुलीला सुरुवातीलाच सांगून ठेवा की एवढा भाग पक्का झाला की शिकवणी बंद, म्हणजे ही कायमची शिक्षा आहे असं तिला वाटणार नाही.